पेटीतले हात

आमच्या डोंगरावरच्या संशोधन केंद्रात आकाशातून पडलेला एक दगड काचेच्या पेटीत ठेवला आहे. त्याला हवा लागू नये म्हणून पेटीत गॅस भरतात, आणि दगड बाहेरूनच हाताळायला पेटीला लावलेले रबरी हातमोजे त्या दाबाने फुगून बाहेर येतात. फरशी पुसताना ते हात माझ्यासमोर पसरलेले असतात.

“मावशी, घाबरता काय? गॅस आहे नुसता,” दगडावर काम करणाऱ्या मॅडम हसतात.

इतक्या लांबून आला हा दगड, आणि त्याला कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आईही मी निघताना असेच हात पुढे करते. मी ते पांघरुणात सारते आणि दार ओढून घेते.

आज मी एक हातमोजा हळूच आत दाबला. तेव्हा दुसरा आणखी फुगला आणि माझ्याकडे सरकला.

“मॅडम, आज लवकर घरी जाऊ का?” कधी नव्हे ते मी विचारलं.