शिंपीकाकांची बटणं

इस्पितळातून घरी जाणाऱ्या पेशंटची पुढची सगळी व्यवस्था लावणं हे आमच्या ताईंचं काम, आणि घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेणं माझं.

अर्धांगवायूतून उठलेले एक शिंपीकाका घरी गेले तेव्हा शर्टाची बटणं स्वतः लावत होते. महिन्याभरात तेही बंद पडलं. मी घरी ठेवलेल्या मदतनीस बाईंवर खापर फोडलं, त्यांनी माझ्यावर. एका सकाळी ताई काकांच्या घरी जाऊन नुसत्या बसून राहिल्या. बाईंनी काकांना शर्ट घातला, सुनेनं घास भरवले, मी त्यांचा हात धरून वरखाली केला. सगळं ठरल्याप्रमाणे.

"आपण सगळ्यांनी मिळून यांचे हात काढून घेतलेत," ताई म्हणाल्या. "उद्यापासून यांच्या शर्टाला कुणी हात लावायचा नाही."

"तासभर लागेल त्यांना," सून फणकारली.

"लागू दे. त्यांना कुठं गाडी पकडायचीय?"

पुढच्या खेपेला काका शर्ट घालून दारातच बसले होते. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. सुनेचे हात शिवशिवले, पण ती जागची हलली नाही. काका मात्र ताईंच्या बाहीकडे बघत होते.

"शिवण उसवलीय तुमची," ते म्हणाले. मग सुनेकडे वळले. "माझी सुई आण गं."