पालथा हंडा

भिंतीवर माझी आई होती.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची भिंत. पडदा फाटलेला होता, म्हणून सर प्रोजेक्टर थेट भिंतीवर मारायचे. त्या भिंतीवर माझी आई, दारापेक्षा उंच. डोक्यावर मिठाची टोपली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय उघडे, पोटरीपर्यंत चिखल वाळून पांढरा झालेला. एक हात टोपलीला. दुसरा वर, पंजा उघडा, सरळ आमच्याकडे.

“कॅप्शन द्या,” सर म्हणाले. “कमीत कमी शब्दांत. न्यू मीडियात लोक वाचत नाहीत, बघतात.”

पहिला हात निहारचा. फोटो त्यानेच काढलेला. मीरा रोडच्या टॉवरमधला मुलगा, काकाने अमेरिकेहून पाठवलेला डिजिटल कॅमेरा कायम गळ्यात. ‘आपलं शहर’ या प्रोजेक्टसाठी तो आणि त्याचे मित्र बाइकवरून मिठागरं बघायला आले होते. मला पत्ताच नव्हता.

“हाय! मी पण ऑनलाइन आले,” निहार म्हणाला.

वर्ग हसला.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “व्हाइट कॉलर जॉब.”

आता सरही हसले. हसत हसत त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. मग माझ्याकडे वळले. “तू भाईंदर वेस्टचीच ना? सांग एखादं. जरा लोकल फ्लेवर येईल.”

ती माझी आई आहे हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. सांगितलं तर हसतील, नाही सांगितलं तरी हसतच होते. “सुचत नाही, सर,” मी म्हणाले. सर म्हणाले, “बस.” आणि मी बसले. कान इतके तापले होते की पुढचं लेक्चर मला ऐकूच आलं नाही.

आम्ही आदिवासी. माझ्या आजोबांना मुकादमाने पालघरकडून मिठागरावर आणलं. एका हंगामापुरतं म्हणून आणलं आणि आम्ही तिथेच राहिलो. मोरवा गावाच्या मागे, खाडीच्या अंगाला आमची वस्ती. बाप गेल्यापासून आई एकटी मीठ ओढते. मी वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. मास मीडियाचा कोर्स. वर्गात मला ‘स्कॉलरशिपवाली’ म्हणायचे. तोंडावर स्कॉलरशिपवाली, पाठीमागे कोट्यातली. ते मी पचवलं होतं.

पचवता आलं त्याला कारण सरांचंच एक लेक्चर. वर्षाच्या सुरुवातीला ते म्हणाले होते, “इंटरनेटवर जात नाही, वर्ग नाही. तिथे तुमचा चेहरा, कपडे, घर कोणी बघत नाही. तिथे फक्त तुमचा विचार. इंटरनेटला मालक नाही.” किती बरं वाटलं होतं मला! वाटलं, आपल्यासाठीच बांधलेलं गाव सापडलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी खातं उघडलं. त्या साइटचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? सगळेच तिच्यावर असतात. तिथे मी कविता टाकायचे. कुठल्या कुठल्या गावची अनोळखी माणसं ‘छान लिहिता’ म्हणायची. मला कोणी कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. तिथे म्हणायचे.

त्याच साइटवर निहारने वर्गाची कम्युनिटी काढली होती. दुसऱ्या दिवशी आईचा फोटो तिथे आला. कॅप्शनची स्पर्धा. कोणीही भाग घ्या, नाव द्यायची सक्ती नाही.

नाव द्यायचं नसलं की माणूस काय काय बोलतो ते मी तिथे शिकले. पहिले काही विनोद पायांवर होते. मग अंगावर. मग लुगडं किती वर खोचलंय यावर. मग जातीचा शब्द आला, आणि तो एकदा आला तसा येतच राहिला. एकाने लिहिलं, यांची पोरं आमच्या सीट खातात. शेजारच्या कॉम्प्युटरवर दोन मुलं गेम खेळत होती. ती बघतील म्हणून मी स्क्रीनवर हात धरून बसले. हाताच्या बोटांमधून आई दिसत होती.

घरी आले तर आई बंधाऱ्यावरून नुकतीच परतली होती. चुलीजवळ बसून पायाला तेल लावत होती.

“आये, तू फोटो काढू दिलास?”

“कोनाला? त्या गाडीवाल्या पोरांला? मी नको बोलली. हात केला वर. ती हसली नं गेली.”

म्हणजे तो हात. तो हाय करणारा हात. ती नको म्हणत होती! आमच्या मिठागरावर लांबून हाका पोचत नाहीत, वाऱ्यात विरतात. म्हणून तिथे हात बोलतो. पंजा उघडून समोर धरला की थांब, पुढे येऊ नको. लहान पोरालाही कळतं. पंचवीस जणांच्या वर्गाला आणि एका सरांना कळलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. जातीचा शब्दसुद्धा. ती लिहिता-वाचता येत नसलेली बाई, पण तिच्यापासून काही लपवावं असं मला कधी वाटलं नाही. तेल लावायची ती थांबली.

“कोन बोलला?”

“नाव नाही, आये.”

“आवाज वळखला न्हाय?”

“आवाजपण नाही. नुसतं लिहिलंय.”

तिने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “मंग हंडा कुठं पालथा घालशील?”

हे आमच्या वस्तीतलं आहे. आम्हाला नळ एकच. पाणी सकाळी येतं आणि आपल्या मर्जीने जातं. एखादीबद्दल कोणी मागून वाईट बोललं, तर ती सकाळी आपला रिकामा हंडा त्या नळाखाली पालथा घालते आणि बाजूला उभी राहते. ओरडत नाही, शिव्या देत नाही. तो हंडा दुसऱ्या कोणी हलवायचा नाही, हा नेम. जी बोलली तिने पुढे यायचं आणि तेच शब्द हिच्या तोंडावर बोलायचे, नाहीतर ‘चुकले’ म्हणून आपल्या हाताने हंडा सुलटा करायचा. तोवर कोणालाच पाणी नाही. पाणी हंड्याच्या बुडावरून गटारात जातं. रांग चिडते. आणि मग रांगेतल्या बायकाच तिला पुढे ढकलतात, जा गो, पानी चाललं! आजवर हंडा पालथा राहिलाय असं झालेलं नाही.

मी हंडा तिथेच घालायचा ठरवला, त्या कम्युनिटीत. खऱ्या नावाने लिहिलं: ही माझी आई आहे. ज्याने लिहिलं त्याने माझ्या तोंडावर बोलावं.

कोणी ढकललं नाही कोणाला. आता माझ्यावर लिहायला लागले. मी कुठल्या बाकावर बसते, कुठला पंजाबी ड्रेस किती वेळा घालते. म्हणजे लिहिणारे वर्गातलेच होते. मी उत्तर दिलं की तो चर्चेचा धागा यादीत परत सगळ्यात वर यायचा, आणखी लोक यायचे. माझ्याच रागावर ते जगत होते. गप्प बसले तरी आई भिंतीवर, बोलले तरी भिंतीवर. ‘तक्रार करा’ असं बटण होतं, ते दाबून दाबून बोट दुखलं.

निहारकडे गेले. कॅन्टीनमध्ये होता.

“चिल ना यार,” तो म्हणाला. “मला काय माहीत तुझी आई आहे? आणि आता पब्लिकमध्ये गेलंय. असं काढता येत नाही.”

सरांकडे गेले. सर म्हणाले, “दुर्लक्ष कर. तिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. सेन्सॉर करायला लागलो तर आपल्यात आणि हुकूमशहात फरक काय?”

मला खरंच पटलं होतं थोडं. अभ्यासू मुलगी ना मी. पण त्याच आठवड्यात कॅफेवर गेले तर शटर अर्धं खाली. बाहेर घोळका, गळ्यात पक्षाचे पट्टे. त्यांच्या कुठल्याशा पुढाऱ्याबद्दल त्याच साइटवर कोणीतरी वाईट लिहिलं होतं. कॅफेवाला मला ओळखायचा. “आज नहीं दीदी,” तो हळूच म्हणाला. “काच फोडेंगे. कल आना, तब तक साइटवाले निकाल देंगे.”

दुसऱ्या दिवशी गेले. पुढाऱ्याबद्दलचं सगळं गेलेलं. पान शोधूनही सापडेना.

म्हणजे काढता येतं.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. कम्युनिटीच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, मालक: निहार. त्याच्या हाताखाली काढून टाकायचं बटण होतं. रोज होतं. इंटरनेटला मालक नाही म्हणे! मालक होता, त्याचं नाव होतं, तो माझ्या दोन बाकं पुढे बसत होता. पुढाऱ्यासाठी बटण दाबलं जातं, मिठागरावरच्या बाईसाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्य निघतं. वर्षभराच्या लेक्चर्समध्ये शिकले नाही ते मी त्या एका तासात शिकले. आणि शिकून काही हलकं वाटलं नाही. कॉलेज सोडावं वाटलं.

घरी आई झोपली होती. झोपेतही तिचे तळवे पांढरे दिसत होते. मी ठरवलं, हंडा चुकीच्या जागी घातला होता. जिथे रांग अडत नाही तिथे हंडा घालून काय उपयोग?

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरच्या परीक्षक बाई आल्या होत्या. सगळ्यांनी आपापलं प्रेझेंटेशन द्यायचं. प्रोजेक्टर एक. बाईंना संध्याकाळच्या आत परतायचं होतं. माझा नंबर सुरुवातीलाच आला. मला दिलेला विषय होता, ‘ऑनलाइन लोकशाही’.

मी आईचा फोटो लावला. खाली त्यांनी लिहिलेलं सगळं, एक अक्षर न गाळता. त्याच्याही खाली माझं कॅप्शन. सरांनी मागितलं होतं ना? ते आता सुचलं होतं: ‘ती नको म्हणतेय.’

“ही माझी आई,” मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, कापू दिला. “हे लिहिणारे याच खोलीत आहेत. ज्याने लिहिलं त्याने इथे येऊन मोठ्याने वाचावं. नाहीतर निहारने काढावं, बटण त्याच्याकडे आहे. तोवर ही वायर मी सोडणार नाही.”

प्रोजेक्टरची वायर मी मुठीत धरली होती; ती मिळाल्याशिवाय पुढच्याचं प्रेझेंटेशन लागणार नव्हतं.

आधी कुजबुज. मग मागून एकजण वैतागला, “अरे कोई तो बोल दो यार, मेरा नंबर रह जाएगा.” एक मुलगी म्हणाली, “निहार, डिलीट कर ना, काय जातंय तुझं?” मला वस्तीचा नळ आठवला. रांग चिडली होती. सगळ्या माना निहारकडे वळल्या. तो मोबाइलकडे बघत होता. कान लाल झाले होते. तो उठायच्या बेतात होता, मी पाहिलं, त्याने खुर्ची मागे सरकवली होती.

तेवढ्यात सर दाराजवळ गेले आणि मेन स्विच खाली केला.

भिंत काळी झाली. आई गेली.

“हा विषय तू पर्सनल केलास,” अंधारात सरांचा आवाज आला. “मीडियावाल्याने ऑब्जेक्टिव्ह राहायचं असतं.”

परीक्षक बाई म्हणाल्या, “बाळ, खाली बस.”

बसले नाही. मला बाहेर काढलं. मग लाइट आली आणि बाकीच्यांची प्रेझेंटेशनं झाली. निहारच्या ‘शहराचे चेहरे’चं बाईंनी कौतुक केलं म्हणे. माझ्या नावापुढे गैरहजर लागलं. मी त्या खोलीत इतकी हजर कधीच नव्हते.

सरांनी नंतर बोलावून घेतलं. वाईट माणूस नाही तो, तेच तर वाईट आहे. म्हणाले, “लेखी माफी दे. मी सांभाळून घेतो. वर्ष कशाला घालवतेस?”

“कशाची माफी, सर?”

“शिस्तीची.”

“नाही,” मी म्हणाले. इतका छोटा शब्द मी त्या इमारतीत पहिल्यांदा वापरला. मला केटी लागली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. या एका पेपरसाठी स्कॉलरशिपही अडकेल.

घरी आईने विचारलं, “आला का कोन?”

“नाही. सरांनी लाइट घालवली.”

“नळ बंद केला म्हन की.” ती पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, “तू हंडा उचलला का?”

“नाही, आये.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

फोटो अजून तिथे आहे. खाली अजून लिहितात. मला भीती वाटते, खूप वाटते. कधी कधी वाटतं की या सगळ्यातून माझ्या हाती फक्त केटी लागली.

ऑक्टोबरात परत परीक्षा आहे. तीच लॅब, तेच सर, तोच एक प्रोजेक्टर. निहारचाही एक विषय राहिलाय असं कळलं, तोही तिथे असेल. मी तोच फोटो लावणार आहे. तेच सगळं खाली, आणि तेच कॅप्शन. पण या वेळी वायर धरून उभी राहणार नाही. दाराजवळ उभी राहीन, मेन स्विचला पाठ लावून. कोणीतरी पुढे येऊन माझ्या तोंडावर बोलेपर्यंत त्या खोलीत कोणाचाच नंबर लागणार नाही.