आठ पाकळ्यांचं पॅराशूट

बिघडलेलं काम मला बघवत नाही. माझं असो की दुसऱ्याचं, हात शिवशिवतात. घरचे याला खोड म्हणतात. या खोडीपायी जे झालं ते सांगितल्यानं मन हलकं होईल असं नाही, पण गप्प बसून तरी कुठं होतंय?

आम्ही शिंपी. चामराजपेटेत आमचं दुकान आजोबांपासूनचं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण जुंपलं की दोन्ही. मी नाचाचे पोशाख शिवते. भरतनाट्यमचा पुढचा पंखा, पोरगी बसली की उघडला पाहिजे, उठली की मिटला पाहिजे. त्यात माझा हात धरणारं पेटेत कुणी नाही. हे मी म्हणत नाही हं, नाचणाऱ्या पोरी म्हणतात.

तीनेक वर्षं झाली असतील. एक पुण्याची मुलगी ड्रेसची चेन बदलून घ्यायला आली. इंजिनीअर, महादेवपुऱ्यात भाड्यानं राहणारी. मी आत थोरल्या भावाला ओरडले, "अण्णा, चहा निवतोय तुझा!" तर ही टुणकन उठली. "अय्या काकू, तुम्ही मराठी?" झालं! मग दर शनिवारी आमच्याकडेच जेवायला. ती दर वाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणायची, मी 'जरा'ला कन्नड जोडून 'स्वल्प थांब' म्हणायचे, आणि आमचं छान चालायचं.

एका शनिवारी तिनं पिशवीतून छोटंसं पॅराशूट काढलं. तिची कंपनी ड्रोन बनवायची. डोंगरावरच्या ज्या ठाण्यांवर हेलिकॉप्टर पोचत नाही, तिथल्या जवानांना ड्रोननं औषधं टाकायची होती. "पण काकू, वारा नसला तरी हे एका बाजूला वाहवत जातं. डबा दरीतच जायचा."

अण्णा लष्करात होता. बर्फात पायाची तीन बोटं ठेवून आला, आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी त्या परक्या मुलीला मात्र त्यानं सगळं सांगितलं. तंबूत शेजारचा जवान तीन दिवस छातीच्या तापानं फणफणत होता, ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना, आणि चौथ्या दिवशी ढग हटले तेव्हा औषधाचा उपयोग नव्हता. मी ऐकत होते आणि पॅराशूट टेबलावर पसरत होते.

हात फिरवला आणि कळलं. पाकळ्या आठ, पण कापड वाचवायला त्या उलटसुलट ठेवून कापल्या होत्या, काही उभ्या धाग्यात, काही तिरक्या. तिरकं कापड ताण पडला की ओघळतं. ब्लाउजची एक बाही अशी कापली तर गिऱ्हाईक तो माझ्या तोंडावर फेकेल.

"कुणी कापलं हे?"

"लेझरनं, काकू."

"मग त्या लेझरला आधी माझ्याकडे शिकायला पाठव."

आठही पाकळ्या मी एकाच धाग्यात नव्यानं कापल्या, पुन्हा कापायला सोपं जावं म्हणून पुठ्ठ्याचा कट, म्हणजे मापाचा साचा, बनवला, शिवून दिलं. चाचणीला आम्हा दोघांना गावाबाहेरच्या मैदानावर नेलं. ड्रोन वर गेलं, डबा सुटला, पॅराशूट उघडलं आणि चुन्याच्या रेषेनं आखलेल्या गोलात सरळ उतरलं. जरासुद्धा झुललं नाही. डबा उघडला तर आतल्या काचेच्या बाटल्या धडधाकट. मुलीनं मला मिठीच मारली. अण्णा तोंड फिरवून उभा राहिला. पुढं काही महिन्यांनी तिचा फोन आला, वरच्या एका ठाण्यावर औषध वेळेत पोचलं, जवान वाचला. अण्णानं माझ्या हातावर साखर ठेवली. आयुष्यात इतकं छान मला क्वचित वाटलं असेल.

गेल्या वर्षी ती नवं ड्रॉइंग घेऊन आली. पाकळ्या आठच, कट माझाच. पण सगळं पॅराशूट आता वीतभर, आणि खाली लिहिलेलं वजन आधीपेक्षा जास्त. शिंप्याला माप दिसलं की अंग दिसतं. एवढंसं कापड एवढं वजन पेलणार नाही, हे मला लगेच कळलं.

"अगं, बाटल्या फुटतील की."

ती चहाच्या पेल्यात बघत राहिली. "काकू, यात बाटल्या नाहीत."

"मग?"

"हे हळू उतरवायला नाही. खाली जाईपर्यंत सरळ ठेवायला आहे."

मी ड्रॉइंग तिच्याकडे परत सरकवलं. ती भराभर बोलायला लागली, जणू मीच तिला पकडलं होतं. नेमकं पडलं तर आजूबाजूचे वाचतात काकू, नाहीतर ते कुठंही पडेल, कुणाच्याही घरावर. आपली माणसं पुढं पाठवावी लागत नाहीत. वाईट नव्हती पोर. डोळे लाल झाले होते तिचे, म्हणाली, मलाही झोप येत नाही.

"मी नाही शिवणार," मी म्हणाले.

अण्णा आतून बाहेर आला. "शिव. तिकडचे सोडतात तेव्हा खाली आपलीच पोरं असतात. बाटल्या पोचल्या तेव्हा तुझा हात मोठा, आणि आता सोवळ्यात बसतेस?"

पण नाही म्हणजे नाही. मी तिच्याकडे माझा कट परत मागितला.

"पुठ्ठा तुमच्याकडेच आहे, काकू. मापं कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. यशवंतपूरला एकजण शिवून देतोय."

"मग माझ्या नाही म्हणण्याला काय अर्थ?"

"सरी काकू, येते," माझ्यासारखंच कन्नडमधून 'बरं' म्हणून ती उठली. त्यानंतरच्या शनिवारी आली नाही, मग कधीच आली नाही. अण्णा दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून मला माणसं दिसायला लागली. पंख्याच्या चुण्या घालताना मध्येच ड्रोनमधून बघावं तसं वरून एखादं अंगण दिसतं, त्यात बादली घेऊन निघालेली बाई. कधी गच्चीवर गोधडी वाळत घालणारा म्हातारा. ते वर बघतात आणि मी कात्री खाली ठेवते. गिऱ्हाइकं विचारतात, अक्का, बरं नाही का? काय सांगू? वाटायचं, निदान मी त्यांना विसरत तरी नाही. एवढं तरी माझ्याकडून होतंय.

गेल्या महिन्यात भर दुपारी अण्णाच्या जुन्या सोबत्यानं त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. वरून घेतलेला, काळापांढरा, कुठल्याशा डोंगराचा. तो देश कुठला, ड्रोन कुणाचं, काही कळत नव्हतं. अण्णानं बघितला आणि फोन माझ्यापुढं धरला.

एक बारीकसं काही सुटलं. त्याच्या मागं वीतभर कापड उघडलं आणि ते खाली निघालं. सरळ. मी चष्मा पुसला. "परत लाव," म्हणाले. परत बघितलं. तिसऱ्यांदा फोन हातात घेऊन दोन बोटांनी कापड मोठं केलं. पाकळ्या मोजता येत नव्हत्या, पण ताण सगळीकडे सारखा होता, कुठंही ओघळ नाही. ज्यानं कापलं त्याला धागा कळत होता.

अण्णा खुर्चीत मान खाली घालून बसला होता. चेहरा पांढराफटक. "बंद कर गं," तो म्हणाला. "पळायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला."

"कुणाला?" मी विचारलं.