काळ्या गाडीवरचे पांढरे ठिपके

काळी गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आमच्या हुडको वसाहतीत शेजारच्या भाऊंच्या मुलीचं काल रात्री लग्न झालं. आज सकाळी नवरा-नवरीला आमच्या गाडीतून दुर्ग स्टेशनला सोडायचं होतं. भाऊ म्हणाले होते, "पोरगी सासरी चालली, गाडी चमकली पाहिजे बरं!"

शुभकार्य म्हणून मी गाडी पूर्वेकडे तोंड करून उभी केली, बोअरच्या पाण्यानं धुतली आणि सूर्याला हात जोडले. डोळे उघडले तर उन्हानं पाणी वाळून गाडीभर क्षारांचे पांढरे ठिपके!

बायको दारातून म्हणाली, "कावून उन्हात धुऊन राहिले तुमी? देवाले सावली चालत नाही काय?"

गाडी सजवायला फुलवाला येतच होता. गाडी कडुनिंबाखाली घेतली, पत्रा गार होऊ दिला. मग आधी टप, मग एकेक दार, असं थोडंथोडं धुतलं. मी पाणी टाकायचो, ती लगेच मऊ कापडानं टिपायची. पाण्याला वाळायला वेळच मिळाला नाही आणि ठिपकेही गेले.

विदाईच्या वेळी नवरी रडतच गाडीपाशी आली. काळ्या दारात तिला स्वतःचा चेहरा दिसला. "बाबा, काजळ किती पसरलं माझं! सांगाचं नाही काय?" म्हणत ती पदरानं गाल पुसू लागली. रडता रडता भाऊ हसले, मग तीही हसली. तशीच हसत गाडीत बसली.

तुमच्या घरची लेक निघताना कशावर हसली होती, आठवतं का?