डिसेंबरची सरासरी

आमचे वडील पारनेरला हायस्कुलात भूगोल शिकवायचे. बाहेर थंडी किती आहे हे ते अंगावरून ठरवत नसत. रेडिओने किमान तापमान सरासरीपेक्षा खाली गेल्याचं सांगितलं, की मगच स्वेटर घालायचे. तोवर दात वाजले तरी ते दातांचं काम.

नव्वदच्या दशकात ताईचं लग्न ठरलं ते डिसेंबरात. मामा म्हणाला, मांडवावर ताडपत्री टाकू. वडिलांनी त्याला महिनावार सरासरीचा तक्ता दाखवला. आमच्याकडे डिसेंबरचा नेहमीचा पाऊस म्हणजे हातरुमाल भिजेल एवढा. त्यासाठी ताडपत्री कोण आणतो? मांडव कापडीच राहिला.

आता गंमत अशी, की हातरुमाल भिजेल एवढा पाऊस आमच्याकडे कधीच पडत नाही. वर्षानुवर्षं थेंब नसतो आणि मग एकदा सगळा साचलेला येतो. सरासरी दोघांच्या मधे कुठेतरी निघते, तिथे राहत मात्र कोणीच नाही. ताईच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या तिथेच चिकटल्या. पंगतीतली बुंदी वरणात पोहायला लागली. आई मुदपाकाच्या चुलीपाशी उभी राहून रडत होती, आणि वडील आभाळाकडे असं बघत होते, जणू कोणी पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न काढलाय.

वऱ्हाड मात्र खूश. ताईचं सासर शेवगावकडचं, सगळे कोरडवाहू शेतकरी. ज्वारी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात, जमिनीला भेगा पडू लागलेल्या, आणि हा पाऊस त्यांच्याकडेही झाल्याचा निरोप आला. ताईचे सासरे भिजलेल्या फेट्यानिशी वडिलांच्या गळ्यात पडले.

"मास्तर, लई पायगुनाची लेक दिली तुमी!"

"तुमचा मोठेपणा," वडील म्हणाले, आणि मान खाली घालून हसले. सकाळपासून पहिल्यांदाच हसले असतील.

त्या वर्षी ताईचा थाट काय विचारता. हुरड्याचं पहिलं कणीस नव्या सुनेच्या हातून मोडून घ्यायला भावकीतले लोक तिला या शेतातून त्या शेतात नेत होते. संक्रांतीला आली तेव्हा हात कणसांच्या कुसळांनी खाजत होते, तरी फुशारकी मारत होती.

पुढचा हिवाळा कोरडा गेला. पाऊस नाही आणि थंडीही सरासरीपेक्षा कमी. दोन्ही बातम्या रेडिओने एका दमात दिल्या. ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली. संक्रांतीला ताई आली ती गप्प. शेवटी चुलीपुढे आईला म्हणाली, "मला शेताकडे येऊ नको म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, पायगुण एकाच सालाचा होता."

वडील उठले, तक्ता काढला आणि ताईला सोडायच्या निमित्ताने शेवगावची एसटी धरली. मीही गेले, कारण भांडायची वेळ आलीच तर वडिलांना भांडता येत नाही.

त्यांनी बाजेवर तक्ता पसरला आणि वर्गात शिकवतात तसं शिकवलं. कोरडा डिसेंबर हाच आपला नेहमीचा डिसेंबर, ओला तो अपवाद, यात माणसाचा काही संबंध नसतो. ताईचे सासरे मन लावून ऐकत होते. त्यांच्यासारखा विद्यार्थी वडिलांना पारनेरला कधी मिळाला नसेल.

"पटलं मास्तर. मंजी औंदा पोरीचा काय दोष न्हाई."

"मुळीच नाही."

"मंग त्या साली तिचा गुन बी नव्हता."

वडील तक्त्याची घडी घालू लागले.

"तवा का न्हाई सांगितलं? तवा तर तुमी हसला."

म्हाताऱ्याचा मला मनस्वी राग आला, आणि त्याचं म्हणणं बरोबर असल्यामुळे जास्तच आला. दारात ताई चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. सासऱ्यांकडे तिने बघितलंच नाही, वडिलांकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. 

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी ताईकडे होते तेव्हा पुन्हा पाऊस झाला, चांगला रान भिजवणारा. सासरे ओलेचिंब होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हसू चेहऱ्यात मावत नव्हतं.

"सूनबाई, चल. औंदा कनीस तूच मोडायचं."

ताई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"मामंजी, पाऊस डिसेंबरचा हाय. माझा न्हाई."

ते आल्या पावली निघून गेले. सासूबाई दिवसभर फुगून होत्या. त्या वर्षी पहिलं कणीस कोणी मोडलं ते मला माहीत नाही.

पुढचा डिसेंबर कोरडा गेला. ताईला कोणी काही म्हणालं नाही.