कार्डांच्या दुष्काळातलं आमचं दुकान

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि पारसचं. पारसचे पणजोबा राजस्थानातून येऊन इथं कापड विकायला बसले. पारस आता माझ्याहून रांगडं मराठी बोलतो. दुकानात धूळ साचते, ती ब्लोअर मारला की उडते. किस्से मात्र साचतच जातात. आणि ज्या काळात ग्राफिक्स कार्ड मिळेनासं झालं, तेव्हा तर आमच्याकडं किश्श्यांशिवाय दुसरा स्टॉकच नव्हता!

* * *

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र हलवतं ते ग्राफिक्स कार्ड. गेम, लग्नाचे व्हिडिओ, थ्री-डी घरं, सगळं त्याच्या जिवावर. एकदा एका नव्या कार्डाचं लाँचिंग आम्ही सकाळी दुकानात मोठ्या स्क्रीनवर लावलं होतं. बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करणारे तात्या नातवाचा लॅपटॉप न्यायला आले आणि स्टुलावर टेकले.

स्टेजवरचा माणूस कार्ड उलटंसुलटं करून दाखवत होता. ताकद किती, पंखे कसे, गार कसं राहतं! तात्या एकाग्र होऊन बघत होते. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण नजर हलत नव्हती.

शेवटी मलाच म्हणाले, "किंमत सांगितली का?"

"अजून नाही तात्या."

"मग जनावर म्हाग हाय. सवस्त असतं तर पयलं तेच बोलला असता!"

* * *

ही कार्डं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. आमच्या भाषेत एक हिरवी, एक लाल. येडगावचे दोन भाऊ, सचिन आणि नितीन. सचिन हिरवीचा, नितीन लालचा. कुणाचं कार्ड भारी यावरून दोघांत इतकी जुंपली, की एका ताटात जेवणारे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलेनात!

त्यांचे वडील दुकानात आले. शांत माणूस. म्हणाले, "कार्ड दाखवा बरं, काय अस्तंय ते."

पारसनं जुनं एक हातात दिलं. त्यांनी फिरवून फिरवून बघितलं, बोटानं पंखा गरगरवला आणि परत दिलं.

"आमच्या भावकीत बांधावरनं भांडणं झाली, इहिरीवरनं झाली. ह्या पंख्यावरनं पयल्यांदाच!"

* * *

मग दुष्काळ पडला. जो येईल त्याला पारसचं एकच उत्तर, "दोन महिने थांबा." एका दुपारी जुन्नरकडचे एक पावणे घाईघाईनं आले.

"चांगलं ग्राफिक्सवालं कार्ड हाय का?"

"दोन महिने थांबा भाऊ."

"दोन म्हयनं? आवो, लग्न पंधरवड्यावर आलंय!"

पारस चक्रावला. "लग्नाला कशाला लागतं?"

"कशाला म्हंजे? पावण्यांना काय नुसतं तोंडानं बोलवू?"

* * *

कार्डं जात होती कुठं? तर माइनिंगला. पारसच्या वडिलांना, म्हणजे आमच्या काकांना, मी एकदा समजावून सांगितलं. "काका, लोक ढिगानं कार्डं घेतात. ती दिवसरात्र गणितं सोडवतात. त्याबदली इंटरनेटवरचं नाणं मिळतं, कॉइन."

"बघू कॉइन."

"ते दिसत नाही काका."

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मजूर दिसतो, मजुरी दिसत नाही. बरंय!"

* * *

पारगावच्या विलासनं रिकाम्या पोल्ट्री शेडमध्येच माइनिंग मांडलं. कोंबड्यांच्या जागी कार्डं, आणि एका बाजूनं गरम हवेचा झोत बाहेर. ऐन कुरडयांच्या दिवसांत आभाळ भरून आलं, तेव्हा विलासच्या आईनं साड्या अंथरून सगळ्या कुरडया त्या झोतापुढं मांडल्या. गल्लीतल्या बायकाही आपापल्या घेऊन आल्या.

पुढं कॉइनचा भाव पडला. विलास पडेल चेहऱ्यानं सगळी कार्डं विकायला आमच्याकडं घेऊन आला. आम्ही मोजत होतो तेवढ्यात आईचा फोन. स्पीकरवरच होता.

"इलास, समदी इकू नको रं! चार ठेव. उडदाचं पापड ऱ्हायल्यात!"

* * *

दुष्काळ सरता सरता डिंभ्याकडची अर्चना आली. पुण्यात अॅनिमेशन शिकत होती. बरेच महिने ती कार्डासाठी फोन करत होती. शेवटी एक जुनं कार्ड आम्ही साफ करून, गार ठेवणारी पेस्ट बदलून तिच्या मशीनला बसवलं.

"चालतंय का बघते," म्हणाली. सोबत तिचे आजोबा होते. त्यांचं घर जुन्या आंबेगावात, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. घराचा एकही फोटो नाही. सुट्टीत आजोबा अंगणातल्या मातीवर काठीनं रेघा मारून दाखवायचे, आणि त्या रेघांवरून ही पोर कॉम्प्युटरवर गाव बांधत होती. कार्डाशिवाय तिच्या मशीनवर ते गाव हलतच नव्हतं.

आता हललं. गल्ली सुरू झाली. अर्चना माऊसनं हळूहळू पुढं नेत होती. आजोबा खुर्चीच्या कडेला बसून बघत होते. एक पार गेला. एक वळण गेलं.

"हितनं डावीकडं," आजोबा म्हणाले.

"माहीत्ये आबा."

डावीकडं एक दगडी जोतं आलं, त्यावर बुटकं लाकडी दार. अर्चनानं दार उघडलं आणि आत निघाली. आजोबा एकदम पुढं झुकले, हात वर करून ओरडले,

"वाक पोरी! चौकट लागंल!"

खुर्चीत बसलेली अर्चना वाकली. मागं उभा असलेला पारसही वाकला.