मायच्या कुलपातल्या चपला

मंडळी, मी शाळेत शिकवते. आज शाळा सुटली तरी माझा राग उतरला न्हाई, म्हणून घरी न जाता कळमनुरीच्या सायबर कॅफेत येऊन हे लिहून राहिले.

वडील गेल्यापासून माझी माय बोलायची न्हाई, जेवायची न्हाई, नुसती पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण रोज सकाळी चालायला पाठवा." दोन महिने झाले, ती नांदेड रोडनं चालून येते. आता झोप लागते. परवा तर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मला रागावली! मला रडूच आलं.

आज सकाळी शाळेत जाता जाता माहेरी तिच्याकडं गेले, तर माय पुन्हा भिंतीकडं तोंड करून खाटेवर. तिच्या चपला भावानं कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या.

"काहून रे?"

"चौकात लोक विचारून राहिले, तुमची माय अशी रिकामीच काहून हिंडते? येडी झाली का? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तिनं."

मी त्याला नको नको ते बोलले. तेवढ्यात माय उठली. कोपऱ्यातली रिकामी घागर कमरेवर घेतली आणि अनवाणीच निघाली. घरात तर नळ आहे!

"माय, कुठं?"

"चालायला. घागर असली की कुणी काही विचारत न्हाई."

चाळीस वर्षं तिनं लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं, तेव्हा चौकातल्या एकानंही विचारलं न्हाई, ही बाई एवढी काहून चालते. तुमच्या गावात म्हाताऱ्या बाईला नुसतं चालायचं असलं, तर हातात काय घेऊन निघावं लागतं?